सांडलेले विष कोणी पुसायचे?

स्वयंपाकघरात तेल सांडले की त्यावर राख नाहीतर पीठ टाकावे, ते शोषले गेले की भरून घ्यावे आणि मगच जागा धुवावी, हे शहाणपण आपल्या घराघरांतून आजीकडून नातीकडे चालत आलेले आहे. तेलावर आधी पाणी ओतणारी गृहिणी मराठवाड्यात तरी सापडायची नाही. विष सांडल्यावर मात्र हे शहाणपण कुठे जाते, कोण जाणे! कापसावर किंवा तुरीवर मारायच्या औषधाचा डबा दुचाकीवरून निसटून भरवस्तीत फुटला, की पहिली हाक उठते ती पाण्याची. बादल्या येतात, कोणी खराटा आणतो, कोणी नगरपालिकेच्या सफाई कामगाराला बोलावून आणतो. आणि तो बापडा उघड्या हातांनी, अनवाणी पायांनी ते सारे गटाराच्या दिशेने लोटून देतो. डाग गेला की माणसे पांगतात. पण गेला तो डाग. विष गेलेले नाही. त्यातले काही दोन घरांमधल्या मातीत मुरले, उरलेले गटारात उतरले. आणि हे हिंगोली शहरात घडले असेल, तर गटारातून कयाधूत आणि कयाधूतून पैनगंगेत जायला त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

या बेफिकिरीत आपल्या भाषेचाही थोडा वाटा असावा. पिकावरील विषाला आपण ‘औषध’ म्हणतो. शेतकरी ‘औषध आणायला’ तालुक्याला जातो, ‘औषध मारतो’, आणि उरलेले औषध घरातल्या कोनाड्यात, कधी देवळीच्या खाली, कधी बियाण्याच्या पोत्याशेजारी ठेवतो. औषध सांडले तर माणूस हळहळतो तो पैसे वाया गेले म्हणून. भीती वाटावी असे त्या शब्दात काही नाही.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली हा काही कारखानदारीचा जिल्हा नव्हे. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे पाच तालुके. सोयाबीन, कापूस, तूर आणि हळद ही पिके. हळदीच्या बाजारपेठेमुळे अलीकडे झालेला नावलौकिक. भोपाळ, तारापूर, डोंबिवली ही नावे वाचून इथला वाचक सुस्कारा टाकतो आणि पान उलटतो. ‘आपल्याकडे कुठे आहेत रासायनिक कारखाने?’ हा प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेडमार्गे तेलंगणात उतरणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग या जिल्ह्यातून जातो, आणि महामार्गावरील टँकर आपल्या पोटात काय आहे हे गावकऱ्यांना विचारून येत नाही. पाणी शुद्ध करायला जिथे क्लोरीन वायू वापरतात, तिथे साधारण नऊशे किलोंचे सिलिंडर उभे असते. आणि सर्वांत मोठा साठा कोणता म्हणाल, तर तो एका ठिकाणी नाहीच. तो हजारो घरांत, कृषी सेवा केंद्रांत, आखाड्यांवर लिटरा-अर्ध्या लिटराने विखुरलेला आहे. पैनगंगेच्या पलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७च्या पावसाळ्यात फवारणी करताना वीसहून अधिक माणसे मेली आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाली, तेव्हा हा साठा काय करू शकतो ते महाराष्ट्राने पाहिले. नदी ओलांडली की विषाचा स्वभाव बदलत नाही.

मग कायदा काय म्हणतो? कायदा नाही, असे म्हणणे सोपे असते आणि बहुधा खोटे असते. इथे तर ते साफच खोटे आहे.

या देशात कीटकनाशकांचा कायदा जन्माला आला तोच मुळी एका सांडलवंडीतून. १९५८ साली केरळात शंभरावर माणसे विषबाधेने दगावली. कारण शोधता असे आढळले, की पॅराथिऑन नावाचे जहाल कीटकनाशक आणि खाण्याचे पीठ जहाजातून एकत्र आले होते. वाटेत विष गळले, पिठात मुरले आणि त्या पिठाचे पदार्थ लोकांच्या पानात पडले. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांचा आयोग नेमला गेला. आयोगाने कायद्याची शिफारस केली, पुढे तज्ज्ञांची समिती झाली, आणि कीटकनाशके अधिनियम १९६८ साली संमत होऊन ऑगस्ट १९७१ मध्ये अमलात आला. विष गळल्यापासून कायदा लागू होईपर्यंत तेरा वर्षे गेली. आपल्या संथ कारभाराचा हा काही सर्वांत वाईट नमुना नव्हे.

या कायद्याखालील १९७१चे नियम वाचण्यासारखे आहेत. त्यांतील ३५वा नियम सांगतो, की कीटकनाशक अन्नधान्याच्या किंवा पशुखाद्याच्या संपर्कात येईल अशा रीतीने नेऊ वा साठवू नये. आणि वाहतुकीत किंवा साठवणीत ते गळाल्याचे आढळले, तर विषबाधा आणि माती-पाण्याचे प्रदूषण टाळण्यासाठी तातडीने उपाय करण्याची जबाबदारी वाहतूक करणाऱ्या संस्थेची अथवा साठ्याच्या मालकाची राहील. माती हा शब्द तेथे आहे, हे विशेष. पर्यावरण हा शब्दसुद्धा ज्या काळी वर्तमानपत्रांना अपरिचित होता, त्या काळचा हा नियम आहे. ४४वा नियम रिकाम्या डब्यांचा. डबे पुन्हा वापरले जाऊ नयेत म्हणून ते बाहेर टाकून ठेवू नयेत. फोडून वस्तीपासून दूर पुरावेत. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला, पण मराठवाड्याचे शिवार त्यांनी पाहिलेले नसावे. इथे गावाची वस्ती संपली की आखाडे सुरू होतात, आणि आखाड्यावर सालगड्याचे बिऱ्हाड असते, गुरे असतात, विहीर असते. एकाचे ‘वस्तीपासून दूर’ म्हणजे दुसऱ्याचे अंगण.

दुसरा आधार याहून भक्कम आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या दरम्यानच्या रात्री भोपाळमध्ये जे घडले, त्यानंतर संसदेने पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ संमत केला. त्याच्या नवव्या कलमाची फारशी चर्चा होत नाही. विहित मर्यादेपेक्षा अधिक प्रदूषक द्रव्य बाहेर पडले किंवा पडण्याची भीती निर्माण झाली, तर त्या द्रव्याला जबाबदार असलेल्याने आणि त्या जागेच्या ताबेदाराने ते प्रदूषण रोखले पाहिजे आणि अधिकाऱ्यांना तत्काळ कळवले पाहिजे. अधिकाऱ्यांनी उपाययोजना केली पाहिजे. आणि त्यासाठी आलेला खर्च व्याजासह जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येईल. जमीन महसुलाच्या थकबाकीची वसुली कशी होते, हे महसूल खात्यातील वाचकांना सांगायला नको. म्हणजे अस्त्र आहे, ते चालवण्याचा सराव असलेला हातही आहे. तरीही सांडलेल्या विषाच्या सफाईचा खर्च या कलमाखाली तहसिलीतून वसूल झाल्याचे आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले आहे?

अडते कुठे, ते ‘विहित मर्यादा’ या दोन शब्दांत पाहावे. गटारात सोडायच्या सांडपाण्याची मर्यादा ठरलेली होती, धुराड्यातून निघणाऱ्या धुराची होती, हवेची होती. घराच्या अंगणातील मातीत अमुक एक विष किती असले म्हणजे ती माती अस्वच्छ समजावी, याचे कायद्याने ठरवलेले माप मात्र दीर्घकाळ नव्हते. माप नसले की सफाई सुरू होऊ शकते, संपू शकत नाही. पाणी ओतणाऱ्याचेही समाधान होते आणि न ओतणाऱ्याचेही. ‘आता येथे लहान मूल रांगू शकेल’ असे लिहून खाली सही करणारा अधिकारी आपल्या व्यवस्थेत नाही, आणि माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म या न झालेल्या सहीत आहे.

मापाची ही गोष्ट केवळ शास्त्रज्ञांची भांडणे म्हणून सोडून देण्यासारखी नाही. तामिळनाडूतील कोडाइकनाल येथील तापमापकांचा कारखाना २००१ साली बंद पडला. आवारातील मातीत पारा मुरलेला होता, हे निर्विवाद होते. पुढे वर्षानुवर्षे वाद चालला तो माती किती स्वच्छ करायची यावर. एका किलो मातीत वीस मिलिग्रॅम पारा राहिला तरी चालेल, असे ठरले. हे माप फार ढिले आहे, अशी तेथील कार्यकर्त्यांची तक्रार राहिली. एक आकडा बदलला की कोट्यवधींचा खर्च वाढतो किंवा वाचतो. आकडा ठरवणारा कोण आणि त्या मातीवर राहणारा कोण, हा प्रश्न त्यातूनच निघतो.

आपल्या नियमांची दुसरी खोड अशी, की ते धोका मोजतात तो टनांनी. घातक रसायनांची निर्मिती, साठवण व आयात यांविषयीचे १९८९चे नियम घ्या. क्लोरीनच्या बाबतीत त्यांतील अनेक बंधने दहा टनांच्या साठ्यापासून पुढे सुरू होतात. नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रातील एखाद-दुसरे सिलिंडर त्या हिशेबात बसतच नाही. १९९६च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संकट गट आणि त्याखाली स्थानिक गट नेमायला सांगितले. जिल्हा गटाने दर पंचेचाळीस दिवसांनी आणि स्थानिक गटाने दर महिन्याला भेटावे, असेही लिहून ठेवले. पण ही रचना मोठ्या धोक्याचे कारखाने असलेल्या जिल्ह्यांचा विचार करून झालेली. एक सिलिंडर काय करू शकते, ते मुंबईत १४ जुलै २०१० रोजी दिसले. हाजी बंदर येथील गोदामात वर्षानुवर्षे बेवारस पडलेल्या सिलिंडरांतून क्लोरीन गळला आणि शिवडीच्या परिसरातील शंभरावर माणसांना रुग्णालयात न्यावे लागले. गंजणाऱ्या लोखंडाला ‘किमान साठा’ या शब्दांचा अर्थ कळत नाही.

वाहतुकीचे नियम त्या मानाने बरे आहेत. १९८९चे केंद्रीय मोटार वाहन नियम टँकरवर रसायनाचे नाव, त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक आणि आणीबाणीचा दूरध्वनी लिहायला लावतात. चालकाला खास प्रशिक्षण आणि अपघात झाल्यास जवळच्या पोलीस ठाण्याला खबर देण्याचे बंधन घालतात. पण टँकर महामार्गावर उलटला तरच हे. तो मुद्दाम गुपचूप रिकामा केला तर? नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात रात्री एका टँकरमधील रसायन वालधुनीच्या प्रवाहात सोडले गेले आणि काठावरच्या शेकडो रहिवाशांचा श्वास कोंडला. माणसे रुग्णालयांत गेली, गुन्हा नोंदला गेला. तपास होतो तो टँकरचा. काठावरच्या चिखलाचा पंचनामा कोणी करीत नाही.

पैशाचा प्रश्न राहतोच. सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, १९९१ हाही भोपाळचाच वारस. घातक पदार्थाच्या अपघातात सापडलेल्या नागरिकाला कोणाची चूक होती हे सिद्ध करीत न बसता जिल्हाधिकाऱ्यांकडून तातडीची मदत मिळावी, ही त्यामागची कल्पना उत्तम होती. मूळ अनुसूचीतील रकमा पाहा : मृत्यूसाठी २५ हजार रुपये, खासगी मालमत्तेच्या नुकसानीसाठी जास्तीत जास्त सहा हजार. हे आकडे तीन दशकांहून अधिक काळ जागचे हलले नाहीत. सहा हजारांत अंगणातील फूटभर माती काढून नवी मुरूम-माती टाकायची म्हटले तर ट्रॅक्टरचे भाडे तरी निघेल का? आणि गल्ली तर खासगी मालमत्ताच नव्हे. याच कायद्याखाली विम्याच्या हप्त्यांबरोबर पर्यावरण मदत निधी गोळा होत गेला. त्यातील शेकडो कोटी रुपये वापराविना पडून असल्याची गोष्ट पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणासमोर आली. एकीकडे न खर्चलेले कोट्यवधी रुपये आणि दुसरीकडे रबरी हातमोजे नसलेला सफाई कामगार, असे हे दृश्य आहे.

अमेरिकेचे अनुकरण करावे असे सुचवण्याची मला हौस नाही, परंतु एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्याजोगी आहे. न्यूयॉर्क राज्यातील लव्ह कॅनॉल या वस्तीखाली एका रसायन कंपनीने सुमारे २१ हजार टन टाकाऊ रसायने पुरली होती. १९५३ साली ती जमीन अवघ्या एका डॉलरला शाळा मंडळाच्या हवाली झाली. वर शाळा उभी राहिली, भोवती घरे आली. १९७८ मध्ये तळघरांतून रसायने झिरपू लागल्याचे उघड झाले आणि कुटुंबे हलवावी लागली. डिसेंबर १९८०च्या कायद्याने तेल आणि रसायन उद्योगांवर कर बसवून निधी उभा केला. त्यातून सरकारने आधी जागा साफ करावी आणि नंतर दोषी शोधून पैसे वसूल करावेत, असा क्रम लावला. आपल्याकडे क्रम उलटा आहे. दोषी सापडेपर्यंत, खटला निकाली निघेपर्यंत विष जागेवर. भोपाळच्या कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला हलवला गेला आणि त्याच वर्षी जाळला गेला. दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी. मातीत आणि भूजलात उतरलेले विष त्या कंटेनरांत नव्हते.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम जारी केले, ही म्हणून स्वागतार्ह घटना. देशात १०३ दूषित स्थळे निश्चित झाली होती आणि प्रत्यक्ष सफाई सुरू होती केवळ सात ठिकाणी. तेव्हा नियमांची गरज वेगळी सांगायला नको. या नियमांनी १८९ घातक रसायनांची मापे दिली आहेत. म्हणजे जे माप नव्हते, ते निदान कागदावर आले. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन यांनी आपण होऊन अथवा नागरिकांच्या तक्रारीवरून संशयित स्थळांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची, राज्य मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक पाहणी करायची, त्यानंतर तीन महिन्यांत सविस्तर तपासणी. जबाबदार व्यक्ती शोधून तिच्याकडून खर्च घ्यायचा, आणि ती देऊ शकत नसेल तर केंद्र व राज्य यांनी व्यवस्था करायची. दोष एवढाच, की स्थळ दूषित ठरल्यावर ते अमुक मुदतीत स्वच्छ झालेच पाहिजे, असे बंधन त्यांत नाही. आणि सहा महिन्यांची यादी, तीन महिन्यांची पाहणी हे घड्याळ जुन्या कारखान्याच्या आवारासाठी ठीक आहे. ज्या अंगणात जुलैत औषध सांडले, त्याच अंगणात पुढे शेंगा आणि हळद वाळत पडतात, त्याच्यासाठी ते फार सावकाश चालते.

तेव्हा हिंगोलीसारख्या जिल्ह्याला काय करता येईल? नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. नगरपालिका आणि मोठ्या ग्रामपंचायतींच्या ठिकाणी कोरड्या मातीचे किंवा लाकडी भुशाचे पोते, हातमोजे, फावडे आणि झाकण घट्ट बसणारे पिंप ठेवायला त्यांना कोणता कायदा आड येतो? खरी अडचण त्या पिंपानंतर सुरू होते. गोळा केलेली विषारी माती टाकायची कुठे? घातक कचऱ्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट लावणारी केंद्रे राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा मोजक्या ठिकाणी आहेत. एका घमेल्याभर मातीसाठी बुटीबोरीला कोण जाणार? कोणी जाणार नाही, आणि म्हणूनच ती माती गटारात जाते. तालुक्यागणिक एक सुरक्षित साठवणघर करावे, तेथून वर्षातून एक-दोनदा गाडी जावी, आणि रिकामे डबे परत घेण्याचे ओझे औषध विकणाऱ्या कंपन्यांवर टाकावे. विकताना गावोगाव पोहोचणारी गाडी परतताना रिकामी का जावी, याचे उत्तर या कंपन्यांनी दिले पाहिजे. आणि वस्तीतील सफाईनंतर मातीचा नमुना तपासून, निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावून, खाली एका अधिकाऱ्याने नावानिशी सही करावी. आरोग्य, कृषी, महसूल यांपैकी कोणत्याही खात्याची चालेल. फक्त ती एकाच खात्याची असावी. तिघांची असली की कोणाचीच नसते.

शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना यात एक काम आहे. कीटकनाशकाच्या वेष्टनावर उभ्या शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असते, तिच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. आमच्या पिढीला लाल त्रिकोण म्हटला की कुटुंबनियोजनच आठवायचे. आजच्या मुलांना निदान हा दुसरा त्रिकोण ओळखता यावा. नव्या नियमांत नागरिकांच्या तक्रारीला स्थान आहे, आणि तक्रारअर्ज लिहिण्याचा सराव दहावीच्या वर्गात होतोच.

जिल्ह्याची पहिली सहामाही यादी करायला बसणाऱ्या कारकुनाला सुरुवात कुठून करावी हा प्रश्न पडला, तर दूर जायला नको. तालुक्याच्या गावी, फवारणीचा हंगाम सरल्यावर, भंगाराच्या दुकानांमागे रिकामे डबे रचलेले असतात. त्यांखालची माती काळपट पडलेली असते, आणि कुंपणाच्या पलीकडे कोणाचे तरी घर असते.